बिनखिशाचा सदरा

कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात ती छोटी चौकट उगवली की माझा हात आजही माऊसवरून उचलला जातो. अमुक प्रोग्रामला बाहेर जायचं आहे, सोडायचं का, एवढंच ती विचारते. खाली दोन बटणं, अलाऊ आणि ब्लॉक. ऑफिसातल्या नव्या मुली वैतागतात. "मॅडम, दाबा की एकदाचं! काय बघत बसलाय?" त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी अंबादास मास्तरांना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. सात वर्षं शेजारच्या टेबलावर पाहिलंय, आणि तरीसुद्धा मी एकदा ते बटण विचार न करता दाबलंय. हे सांगायला मला फार उशीर झाला.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं मी बघते. मास्तर डिझाईन काढायचे. त्यांच्या तरुणपणी ही नक्षी चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढत, एक चौकट म्हणजे एक धागा. पन्नाशीला आल्यावर त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटर शिकले, तेही कुठल्या क्लासला न जाता. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम.

अंगानं काडी, चष्म्याला दोरी, आणि कायम पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, बिनखिशाचा सदरा. पँटचे खिसेसुद्धा शिवून बंद केलेले. पेन कानावर, सायकलची किल्ली जानव्याला, जेवणाचा डबा आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. मोबाईल हातात, आणि दोन्ही हात कामात असायचे असले की मोबाईल घरी. मी नवीन असताना एकदा विचारलं, "मास्तर, शिंप्यानं कापड ढापलं काय तुमचं?" ते हसले नाहीत. "खिसा असला की माणूस त्यात काहीतरी ठेवतो," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून कामाला लागले. माणूस तिरसट आहे, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. आमच्याकडं हे लई लवकर ठरतं.

मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी माझा कॉम्प्युटर ताब्यात घेतला. त्याआधी काही महिने शेजारच्या प्लॉटवरच्या कारखान्यात कुणीतरी मेलमधून आलेली फाईल उघडली होती आणि त्यांच्या सगळ्या डिझाईनच्या फायली, सगळे पासवर्ड कुठल्या कुठं गेले होते. कॉम्प्युटर बिघडला नाही, बंद पडला नाही. दोन महिने कुणाला पत्ताच नव्हता. मास्तरांच्या डोक्यात ते बसलं होतं.

"फायरवॉल म्हणतात ह्याला," ते मला म्हणाले. "वॉल म्हणजे भिंत. पण भिंत न्हाय ही. गेट हाय. आत येणाऱ्याला सगळेच अडवतात, त्यात काय विशेष न्हाय. पण चोर पाहुणा होऊन आला, मेलला चिकटून आला, पेनड्राइव्हला चिकटून आला, मग? आत आला म्हणजे चोरी झाली न्हाय, शीला. माल बाहेर गेला की चोरी झाली. तर जाताना बगायचं."

आणि त्यांनी बाहेर जाणाऱ्यांची सगळी दारं लावून टाकली. एकूण एक. मग एकेक उघडत गेले. इंटरनेट बघायचा प्रोग्राम, मेल, अँटीव्हायरस, विंडोजचे अपडेट. "पहिलं सगळं बंद करायचं, मग लागेल तेवढं उघडायचं. आधी सगळं उघडं ठेवून एकेक बंद करीन म्हणणाऱ्याचं राहूनच जातंय." चार नावांची यादी त्यांनी आपल्या चौकोनी अक्षरात लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवली. ह्यांच्याशिवाय कोणीही बाहेर जायचं म्हणालं की चौकट यायची. मग आपण ब्लॉक दाबायचं आणि मास्तरांना हाक मारायची. ते आपलं काम सोडून यायचे, चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावायचे आणि त्या प्रोग्रामलाच विचारायचे, "कोण रे तू? कुठं निघालास? कुणाला सांगून?" तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय कोणी सुटायचं नाही. चौकटीत खाली बारीक अक्षरात 'परत विचारू नका' असंही एक खूण करायचं ठिकाण होतं. त्याला हात लावायला सक्त बंदी.

ऑफिस वैतागलं नसतं तरच नवल. एकदा नवीन प्रिंटर आला आणि दर पाच मिनिटांनी चौकट यायला लागली. मास्तरांनी त्याला ब्लॉक केला. धाकटे मालक केबिनमधून ओरडत आले, "मास्तर, प्रिंटरशी काय वैर आहे तुमचं?" मास्तर शांतपणे म्हणाले, "छपाई चालू हाय की मालक. कागद हितंच निघतोय. मग ह्याला दर पाच मिनिटाला बाहेर काय काम हाय? कुणाला निरोप द्यायलाय?" थोरले मालक त्या वेळी होते. ते पोट धरून हसले आणि मुलाला म्हणाले, "राहू दे रे. मास्तर आहेत म्हणून मी झोपतो."

दर शनिवारी मास्तर फायरवॉलची नोंद वाचायचे. कोण, किती वाजता, कुठं गेलं, कुणाच्या कॉम्प्युटरवरून गेलं. त्याला ते 'हजेरी' म्हणायचे. आम्ही चहा प्यायचो, ते हजेरी वाचायचे.

एवढा माणूस झडतीचा भोक्ता, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. मग एकदा आमच्या गोदामातले टॉवेल कमी भरले. धाकट्या मालकांनी ठरवलं की उद्यापासून सुटताना कामगारांची अंगझडती घ्यायची. मास्तरांना कळलं तसे ते टेबलावरून उठले. सात वर्षांत मी त्यांना केबिनचं दार न वाजवता आत जाताना तेवढंच एकदा पाहिलं. "मालक, मशीनची झडती घ्या, रोज घ्या, मी घेतो. माणसाच्या अंगाला हात लावायचा न्हाय. त्या गेटवर झडती सुरू झाली तर पहिला मी नोकरी सोडून जातो." थोरल्या मालकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि झडती रद्द केली. टॉवेल नंतर गोदामातच दुसऱ्या थप्पीखाली सापडले, पण ते काही कुणी मास्तरांना येऊन सांगितलं नाही.

त्या दुपारी डबा खाताना त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

वडील जुन्या मिलमध्ये मागावर होते. मिलचा भोंगा झाला की कामगार गेटवर रांगेत उभे राहायचे आणि एकेकाची झडती व्हायची. येताना नाही, जाताना. एका संध्याकाळी वडिलांच्या खिशात सुताचा बोळा निघाला. मशीनचं तेल पुसायचा काळा, कचऱ्यातला बोळा. हात पुसून सवयीनं खिशात टाकलेला. त्याची काय किंमत? पण नियम म्हणजे नियम. तो बोळा तळहातावर धरायला लावून त्यांना गेटशी उभं केलं. सुटणारी पाळी समोरून गेली, येणारी पाळी समोरून आली. सगळ्यांनी बघितलं.

"घरी आला बाप," मास्तर म्हणाले, "आईला म्हटला, सगळ्या सदऱ्यांचे खिसे उसव. आईनं ब्लेड घेऊन उसवले. मी नऊ वर्षाचा होतो, शेजारी बसून दोरे गोळा केले. पण सदरे जुने होते ना. खिसा काढला तिथं खालचं कापड नव्यासारखं राहिलं होतं. बाकी सदरा विटलेला आणि छातीवर गडद चौकोन. न कळणाऱ्यालाबी कळायला लागलं. तो चौकोन घेऊन हिंडला बाप, सदरे फाटेपर्यंत."

मग त्यांनी भाकरीचा राहिलेला तुकडा डब्यात परत ठेवला. तिरसट म्हणणारी मीच ती. मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्यांच्या सदऱ्यावर एकही विनोद केला नाही.

थोरले मालक वारले आणि सगळं धाकट्यांच्या हातात आलं. त्याच वर्षी मास्तरांनी 'बाभूळ' काढली. आता बाभळीत काढण्यासारखं काय आहे? मोर, कमळ, मंदिर असलं सगळं काढून झालं होतं, म्हणून ह्यांनी होटगीच्या वाटेवरची बाभूळ उचलली. काठाला काट्यांच्या जोड्या आणि त्यांच्यामधून पिवळ्या फुलांचे गोळे. चार महिने लागले. एकेक काटा ते पुन्हा पुन्हा काढत होते. "काटा टोचेल असा दिसला पायजे आणि गालाला लागू नये," म्हणायचे. परदेशातल्या एका गिऱ्हाईकानं नमुना बघितला आणि मोठी मागणी पक्की करत आणली. डिझाईनची फाईल मास्तरांच्या कॉम्प्युटरवर असायची, त्याला त्यांनी इंटरनेटची तारच जोडली नव्हती. गिऱ्हाईकाला पाठवायला म्हणून ती एकदा माझ्या कॉम्प्युटरवर आली. "पाठवलीस की पुसून टाक," ते म्हणाले. मी हो म्हटलं. पुसली नाही. लागेल परत, असं वाटलं.

मग नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी विणकरांच्या मार्कंडेयाचा रथ निघतो. माग बंद, अर्धं सोलापूर मिरवणुकीत. मी मात्र ऑफिसात एकटी, कारण कंटेनरची कागदं चारच्या आत जायला हवी होती. दुपारी एक मेल आला. टॉवेलांच्या मापांची चौकशी, सोबत एक फाईल. उघडली तर आत काहीच नाही. बंद केली. आणि चौकट आली. यादीत नसलेलं एक नाव, विंडोजचंच काहीतरी असावं असं दिसणारं. मी ब्लॉक दाबलं. पुन्हा आली. पुन्हा दाबलं. पुन्हा आली, नेमकी ज्या फॉर्मवर मी आकडे भरत होते त्याच्यावर.

मी नियमाप्रमाणं मास्तरांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं, काकूंनी उचलला. "अगं, ते रथाला गेलेत. दोरी ओढायला दोन हात लागतात, फोन हितंच ठेवून गेले. ठेवणार कुठं? खिसा कुठं हाय त्यांना?" आम्ही दोघी हसलो. मी फोन ठेवला, घड्याळ बघितलं, तीन वाजले होते. चौकट पुन्हा आली. मी अलाऊ दाबलं, आणि परत कटकट नको म्हणून 'परत विचारू नका'वर खूणही केली.

दुसऱ्या दिवशी मनगटाला राखी, गळ्यात नवं जानवं अशा थाटात मास्तर आले. "काल फोन केला होतास म्हणे?"

"काही नाही मास्तर," मी म्हटलं. "झालं काम."

ही एवढीशी थाप. त्या क्षणी सांगितलं असतं तर त्यांनी तार उपसली असती, पासवर्ड बदलून घेतले असते, मला दोन शब्द सुनावले असते आणि बाभूळ वाचली असती कदाचित. पण मला त्यांची ती मान हलवून नाराज होणारी नजर नको होती. एवढ्याशासाठी. त्या शनिवारी आणि पुढच्या शनिवारीही माझ्या कॉम्प्युटरची हजेरी त्यांनी वाचली ती फक्त अडवलेल्यांची. सोडलेले सगळे आपल्या यादीतलेच असणार, असा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

थंडीच्या सुरुवातीला गिऱ्हाईकाचा मेल आला. हीच बाभूळ, काट्याला काटा तशीच, बाहेरगावच्या एका कारखान्यानं बाजारात आणली होती. मागणी रद्द. ती फाईल कुणी पळवली, कुणाकडून कुणाकडं गेली, ते आजपर्यंत कळलेलं नाही. धाकट्या मालकांना मात्र लगेच कळलं. "मास्तर, डिझाईन तुमच्याकडं होतं. तुमच्या कॉम्प्युटरला तारसुद्धा नाही. मग ते चालत गेलं काय?" हे त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"बगून सांगतो," मास्तर म्हणाले, आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसले. मी मागं उभी. ते हजेरी मागं मागं नेत गेले. पौर्णिमेवर आले तेव्हा बोट थांबलं. तीन वाजून चार मिनिटं. ते नाव. माझा कॉम्प्युटर. आणि त्यानंतर रोज, रोज, रोज तोच बाहेर जातोय. त्यांनी वळून बघितलं नाही. इंटरनेटची तार उपसली आणि म्हणाले, "ह्याच्यावर आता काही उघडू नको. सगळे पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदल. मेलचा पहिला. मग हा पूर्ण पुसून नवा करायचा."

"मास्तर, मी..."

"रथाचा दिवस होता," ते हळूच म्हणाले. "फोन माझ्याजवळ पायजे होता."

तेवढंच. उठून केबिनमध्ये गेले. दार उघडं होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "मालक, गेटची जबाबदारी माझी होती. माझ्याकडून चुकलं." मालकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. माणसानं स्वतःच कबूल केल्यावर आणखी काय हवं? मी तेव्हा आत जायला हवं होतं. उठलेही. दारापर्यंत गेले. मालकांनी विचारलं, "काय आहे, मॅडम?" आणि मी म्हटलं, "कंटेनरच्या कागदांवर सही हवी होती." घरातली पहिली ऑफिसची नोकरी माझी, ती गेली असती, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. कारण खरं आहे. पुरत नाही.

त्या संध्याकाळचं मी शेवटी सांगते, कारण मला त्याच्यापुढं जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. आठवड्यानं आमचा वॉचमन हणमंतू एक पाकीट घेऊन आला. आत चौकोनी अक्षरात फायरवॉलचा पासवर्ड, नव्यानं सगळं कसं लावायचं त्याची पायरी न् पायरी, ती चार नावांची यादी. खाली एक ओळ: "चौकट आली की थांब. मी नसलो तरी थांब." मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. धीरच झाला नाही.

गेल्या श्रावणात ते गेले. मग मात्र गेले मी. काकू जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, पौर्णिमेपासून. त्यांचा हात सुपात चालूच राहिला. "मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनी तेव्हाच सांगितलं. पोरीचं नाव कुठं काढू नको म्हटले. एकाची झडती झाली ती बास झाली म्हटले." मी ढसाढसा रडले. त्यांनी पाणी दिलं, पण राहा म्हणाल्या नाहीत. मग धाकट्या मालकांनाही सांगितलं. पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "आता काय उपयोग, मॅडम?" गेटवर कामगारांची झडती आता रोज होते. अडवायला कोणी राहिलं नाही.

तर ती संध्याकाळ. सहाला पाळी सुटली. मास्तर सायकल हातात घेऊन गेटकडं चाललेले, त्यांच्यामागं दहा पावलांवर मी. हणमंतू स्टुलावरून उठला. कर्नाटकाकडचा माणूस, मास्तरांच्या पिशवीतली तंबाखू रोज मागून घेणारा. "मास्तर... यप्पा, मालकांनी सांगितलंय ओ. आजपासून तुमची... माझं काय चालतंय का, सांगा."

मास्तरांनी सायकल स्टँडला लावली. प्लॅस्टिकची पिशवी खाली ठेवली, डबा स्वतः उघडून दाखवला. मग दोन्ही हात वर केले. कामगार सायकली थांबवून बघत होते. हणमंतूचे हात सवयीनं छातीवर गेले, खिसा असतो तिथं, आणि तिथंच थांबले. मग बरगड्यांवरून खाली आले, पँटच्या शिवलेल्या खिशांवरून फिरले. जानव्याची किल्ली हाताला लागली तसा तो चमकला.

"सायकलची हाय," मास्तर म्हणाले. "बग, नीट बग. उद्या तुला कुणी बोलायला नको."

हणमंतू रडत होता. "झालं ओ मास्तर. हात खाली घ्या." तरी त्यांचे हात थोडा वेळ वरच होते. मग त्यांनी डबा बंद केला, सायकल काढली आणि अक्कलकोट रोडच्या गर्दीत निघून गेले. मागं बघितलं नाही. पांढऱ्या सदऱ्याची ती अरुंद पाठ, तेवढी मला शेवटची दिसली.

मग माझा नंबर आला. खांद्याला मोठी पर्स, पर्सला चार कप्पे. मी हणमंतूसमोर उभी राहिले. त्यानं डोळे पुसले, बाजूला सरकला आणि गेट आणखी थोडं उघडून धरलं.

"तुमी चला मॅडम," तो म्हणाला. "तुमचं काय बगायचं?"

आणि मी गेले.